मागचे पाय गेलेला आमचा बंड्या, आणि मूत्राशय दाबायला शिकलेला मी

कळंब्याचा_पम्या
नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथं नुसता वाचत होतो. परवा एका धाग्यावर कुणीतरी विचारलेलं की डॅशहुंडचे मागचे पाय गेलेत, डॉक्टर इंजेक्शन देऊन झोपवा म्हणतायत, काय करू. तिथं उत्तर लिहायला बसलो आणि ते एवढं लांबलं की म्हटलं वेगळाच धागा काढावा.

आमचा बंड्या, डॅशहुंड, वय ५, वजन ९ किलो (जास्तच आहे, माहीत आहे, आई चपाती घालते). दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी रात्री दिवाणावरनं उडी मारली आणि असा ओरडला की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. थोड्या वेळानं गप्प झाला म्हणून आम्ही पण झोपलो. शनिवारी सकाळी पाठ कमानीसारखी, हात लावला की थरथर. दुपारी चालताना मागचा भाग एका बाजूला झुकायला लागला, दारू पिलेल्या माणसासारखा. रात्री मागचे दोन्ही पाय फरशीवर ओढत पुढच्या दोन पायांवर माझ्याकडं आला आणि शेपटी हलत नव्हती. ते शेपटीचं बघून पोटात खड्डा पडला खरं सांगायचं तर.

शनिवारी एका दवाखान्यात दुखण्याचं इंजेक्शन दिलं, रविवारी तो बंद म्हणून दुसरीकडं गेलो तर तिथं स्टिरॉइड दिलं. आधी काय दिलंय हे त्यांनी विचारलं नाही आणि मी पण सांगितलं नाही, चूक माझी पण आहे. सोमवारी शी डांबरासारखी काळी. नंतर कळलं की ही दोन औषधं एकावर एक दिली की पोटात अल्सर होतो. दोघांचंही म्हणणं एकच, पंधरा दिवस बघू.

नशीब म्हणजे कंपनीतल्या मित्राची बहीण शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजला शिकते. रविवारी रात्री तिला फोन लावला. ती म्हणाली, दादा, मागच्या पायाचं बोट नखाच्या मुळाशी जोरात दाबा. पाय आखडून घेतोय का ते बघू नका, तो तर मेंदूपर्यंत काही न पोचताही आखडतो, तो मान वळवून बघतोय का, ओरडतोय का, चावायला येतोय का तेवढं बघा. दाबलं. काही नाही. अजून जोरात दाबलं. बंड्या गर्रकन वळला आणि माझ्या मनगटाला दात लावले. कुत्रं चावायला आलं म्हणून आनंदानं रडलेला माणूस शिरोली एमआयडीसीत मी एकटाच असणार. ती म्हणाली, जाणीव आहे अजून, आता थांबू नका, उद्या सकाळी पुणं गाठा.

पाठ वाकू द्यायची नाही म्हणून इस्त्रीच्या टेबलाची फळी काढली, त्यावर चादर, त्यावर बंड्या, वरनं ओढणीनं सैल बांधला आणि मागच्या सीटवर बायको फळी धरून बसली. कोल्हापूर ते पुणं २३० किलोमीटर. हायवेचं काम माहीतच आहे सगळ्यांना, कराडजवळ डायव्हर्जनला प्रत्येक खड्ड्यात बायको "हळू" म्हणायची आणि मी "हळूच चाललोय" म्हणायचो, खंबाटकी येईस्तवर आमचं दोघांचं बोलणं बंद झालेलं.

पुण्यात भूल देऊन सीटी स्कॅन केला. छातीचा शेवटचा मणका आणि त्याच्या आधीचा, या दोघांमधली गादी फुटून मज्जारज्जूवर आलेली. रात्रीच ऑपरेशन झालं. मणक्याच्या हाडाला बाजूनं खिडकी पाडतात आणि आत आलेला माल काढतात. डॉक्टरांनी गॉजवर दाखवला, ओल्या खडूचा चुरा असतो ना अगदी तसा, चिमूटभर. एवढ्याशानं अख्खं कुत्रं अर्धं झालेलं. ते म्हणाले या जातीत मणक्यांमधल्या गाद्या वय वर्षं एक-दोनपासनंच वाळून टणक व्हायला लागतात, तुमचा दिवाण निमित्त झाला.

आता मुख्य सांगायचं ते हे. ऑपरेशन अडीच तासात संपलं. खरं काम नंतरचे आठ आठवडे, आणि ते घरातल्या माणसाचं असतं.

कुत्र्याला लघवी करता येत नव्हती. मूत्राशय भरलं तरी त्याला सोडता येत नाही, तसंच राहिलं तर इन्फेक्शन होतं आणि ताणून ताणून त्याचा जोर कायमचा जातो. दर सहा तासांनी हातानं दाबून काढायची. पुण्यात शिकवलं तेव्हा सोपं वाटलं. घरी आल्यावर पहिल्या रात्री अर्धा तास झटलो, एक थेंब नाही. पोट दगडासारखं, तो पण घट्ट मी पण घट्ट. पहाटे चारला व्हिडिओ कॉल लावला तर तिकडची नर्स म्हणाली, दाबू नका, आधी शोधा. शेवटच्या बरगडीच्या मागं दोन्ही बाजूंनी हात सपाट ठेवून मागं मागं सरकत यायचं, आतड्यामागं पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखं काहीतरी निसटतं हाताखालून, ते सापडलं की बोटांच्या टोकांनी नाही, तळव्यानं, मागच्या बाजूला, सावकाश, आणि धार सुरू झाली की सोडायचं नाही, तसंच धरून राहायचं. लिंबाएवढं लागेल तेव्हाच काढायचं, मोसंबीएवढं होऊ द्यायचं नाही. पाचव्या दिवशी जमलं. मी फौंड्रीत कोअर (साच्यातले वाळूचे गाभे) तपासतो, हाताला थोडी सवय आहे, तरी पाच दिवस लागले. बायकोला दुसऱ्याच दिवशी जमलेलं, ते ती सगळ्यांना सांगते.

पिंजरा उद्यमनगरात मित्राच्या वर्कशॉपला वेल्ड करून घेतला, चार बाय अडीच फूट, सहा आठवडे त्यातच. बाहेर काढायचा तो फक्त पोटाखालनं टॉवेल घालून, मागचा भार आपण उचलायचा. ११व्या दिवशी दुधाच्या पिशवीचा आवाज आला आणि शेपटी हलली. १७व्या दिवशी तीन सेकंद उभा. पाचव्या आठवड्यात चार पावलं. आता तीन महिने झाले, चालतो, वळताना मागचा भाग घसरतो, पण चालतो.

खर्च सगळा मिळून ९५ हजाराच्या आसपास. बोनस गेला, वर पतसंस्थेचं कर्ज. विचारणारे विचारतीलच म्हणून आधीच सांगितलं.

मंगळवार_पेठेतली_मनी
वाचता वाचता रडले. नर्सबाईंचा तो "आधी शोधा" व्हिडिओ काढून ठेवायला पाहिजे होता हो.

शिकाऊ_पशुवैद्य
छान लिहिलंय दादा. दोन गोष्टी जोडतो, नाहीतर लोक धागा वाचून लगेच पुण्याला पळतील.

एक, प्रत्येक पाठदुखीला ऑपरेशन लागत नाही. नुसती पाठ दुखतेय, चालताना थोडा झोकांडतोय पण चालतोय, अशांतले बरेच जण ४ ते ६ आठवडे पिंजऱ्यात पूर्ण विश्रांती आणि औषधांवर बरे होतात. पण विश्रांती म्हणजे विश्रांती. लोक दुखण्याची गोळी देतात, कुत्र्याला बरं वाटतं, ते उड्या मारतं आणि उरलेली गादी पण फुटते.

दोन, पाय गेलेत पण खोल दाबल्याची जाणीव शिल्लक आहे अशा कुत्र्यांचं ऑपरेशन झालं तर साधारण दहातले नऊ चालतात. जाणीव गेली असेल तर निम्मेच. म्हणून ती बोट दाबायची परीक्षा. जाणीव गेलेल्यांतल्या काहींचा मज्जारज्जू पुढं वर वर सडत जातो, त्यात ऑपरेशन होऊनही वाचवता येत नाही, हे पण मालकाला आधी सांगायला पाहिजे.

आणि घरातली माणसांची ब्रुफेन देऊ नका. कुत्र्याच्या पोटाचं आणि किडनीचं वाटोळं होतं.

निवृत्त_मास्तर
लिखाण चांगले आहे, कुत्रा बरा झाला याचा आनंदच आहे. पण स्पष्ट बोलतो, राग मानू नये. ९५ हजार रुपये. इथे माणसांना उपचाराअभावी घरी न्यावे लागते. पतसंस्थेचे कर्ज काढून कुत्र्याचे ऑपरेशन हे मध्यमवर्गाने कधीपासून सुरू केले?

कागलचा_कारवान
मास्तर, आमच्या आज्यानं बैलाच्या पायासाठी रान गहाण टाकलेलं, तेव्हा गावात कुणी विचारलं नाही की माणसांचं काय. बैल कमावतो म्हणाल. बंड्या काय कमावतो ते पम्याला विचारा, रात्रपाळीवरनं घरी आल्यावर दारात कोण उभं असतंय ते.

निवृत्त_मास्तर
बैलाची तुलना पटली नाही. पण असो.

कळंब्याचा_पम्या
मास्तर राग अजिबात नाही. मला पण रात्री दोन वाजता पिंजऱ्यासमोर बसून हाच प्रश्न पडायचा. उत्तर नाही मिळालं, तेवढ्यात लघवी काढायची वेळ व्हायची.

कागलचा_कारवान
आता माझं पण ऐका, यात शहाणपणा कमी आणि गाढवपणा जास्त आहे. माझ्याकडं कारवान जातीचा कुत्रा आहे, राजा, तीन वर्षांचा. गेल्या गळीत हंगामात ऊसाच्या ट्रॉलीखाली मागचा पाय सापडला, मांडीचं हाड मधोमध तुटलं. गावातल्या हाडवैद्याकडं नेला, माणसांची हाडं चांगली बसवतो तो, खोटं कशाला बोलू. त्यानं लेप लावला, बांबूच्या कामट्या बांधल्या. पण कुत्र्याची मांडी वरनं जाड खालनं बारीक, कामट्या घसरून तुटलेल्या जागेच्याच खाली आल्या, म्हणजे मोडलेलं हाड मोकळंच आणि खाली गुडघ्याला आवळलेलं. आठ दिवसांनी पायाला वास यायला लागला. सोडलं तर बोटं सुजून काळीनिळी.

मग शिरवळला नेला, क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय, १९८८ पासनंचं सरकारी कॉलेज आहे, हायवेलाच लागून. तिथं प्लेट आणि स्क्रू टाकून हाड बसवलं. सगळ्यात आवडलं काय तर भूल द्यायच्या आधी तिथल्या मॅडमनी विचारलं, कारवान आहे ना? म्हटलं हो. तर म्हणाल्या, या सडपातळ पळणाऱ्या जातींच्या अंगावर चरबी नसते, काही भुलीची औषधं यांच्यात लवकर उतरत नाहीत, त्यामुळं औषध वेगळं घेऊ. आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या कारवान, सशाच्या मागं धावताना बघायचं एवढंच माहीत, हे कुणाला माहीत होतं? दोन बोटं गेली, पाय वाचला. पळतो आता. सशामागं नाही सोडत.

रंकाळा_वारा
राजाचा फोटो टाका की राव.

उचगावची_पोर
इतकं सगळं चांगलं चांगलं वाचून मला थोडं वेगळं लिहायचंय. माझी दोन पिल्लं होती, एकाच आईची, रस्त्यावरची, गणपतीत उचलून आणलेली. लसीचा पहिला डोस घ्यायला सोमवारी जाऊ म्हणून ठरवलं आणि शनिवारी दोघांना उलट्या सुरू. पार्वो. ज्याला वास माहीत आहे त्याला माहीत आहे, रक्ताची हगवण, तो वास नाकातनं जात नाही.

पार्वोवर थेट औषध नाही, विषाणू आतड्याचं अस्तर आणि पांढऱ्या पेशी दोन्ही खाऊन टाकतो आणि आपण फक्त पिल्लाला तेवढे दिवस जिवंत ठेवायचं असतं. सहा दिवस सलाईन, उलटी थांबवायचं इंजेक्शन, अँटिबायोटिक, साखर कमी होऊ नये म्हणून ग्लुकोज. रोज रक्त तपासायचे. चौथ्या दिवशी काळूच्या पांढऱ्या पेशी वर यायला लागल्या. ढवळ्याच्या आल्या नाहीत, तो पाचव्या पहाटे गेला. औषध तेच, डॉक्टर तेच, खोली तीच. काळू सहाव्या दिवशी चमचाभर पेज प्याला आणि ओकला नाही. मला आनंद पण झाला आणि ढवळ्याची टोपली शेजारीच पडलेली होती.



ज्यांच्याकडं पार्वो होऊन गेलाय त्यांनी लगेच नवं पिल्लू आणू नका. तो विषाणू जागेवर महिनोन्‌महिने राहतो, फिनेलनं मरत नाही, ब्लीच लागतं, एक भाग ब्लीच तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवायचं. आणि डोस सहा-आठ आठवड्यांपासनं सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत पूर्ण करायचे, एक डोस झाला म्हणजे झालं असं नाही. मी सोमवारची वाट बघितली.

मंगळवार_पेठेतली_मनी
🙏

शिकाऊ_पशुवैद्य
ताई, पहिला डोस शुक्रवारी दिला असता तरी शनिवारचा आजार थांबला नसता. लागण होऊन तीन ते सात दिवसांनी लक्षणं दिसतात, म्हणजे ते घेऊनच आलेले असणार. सोमवारचं मनातनं काढा.

उचगावची_पोर
हे मला कुणी सांगितलं नव्हतं. थँक्स.

रंकाळा_वारा
पम्याभाऊ, बंड्याला पोहायला का नाही घालत? कळंब्याला एवढ्या विहिरी. आम्हाला बापानं पाठीला डबा बांधून टाकलेलं, सगळे सांधे मोकळे झाले.

कळंब्याचा_पम्या
😄 विचारलेलं. टाके पूर्ण भरायच्या आधी पाणी नाहीच, आणि नंतर पण विहीर नाही. घाबरून धडपडला तर पाठ पिळवटते. पुण्यात पाण्यातली ट्रेडमिल आहे, कुत्र्याच्या पोटापर्यंत कोमट पाणी, खाली पट्टा सरकतो, पाणी वजन उचलतं म्हणून पाय टाकायला सोपं जातं. दोनदा केलं, पण दर आठवड्याला पुणं परवडत नाही. मग घरी रोज तीन वेळा पाय सायकलसारखे फिरवायचे, बोटांमध्ये गुदगुल्या करायच्या, आणि अंगणात वाळूवर चालवायचा. गुळगुळीत फरशीवर चालवायचं नाही, आईनं सगळ्या घरात जुन्या सतरंज्या अंथरल्यात.

संभाजीनगर_नाका
मदत हवी आहे, हा धागा चालू दिसला म्हणून इथंच विचारतो. आमची लॅब्रॅडोर कुत्री, ११ वर्षं. संध्याकाळी फिरून आली आणि बसली ती उठेचना. मागचे पाय लुळे. हे बंड्यासारखंच असेल का? बोट दाबलं तर बघते माझ्याकडं पण ओरडत नाही, सुस्त आहे. सकाळी पुण्याला निघावं का?

शिकाऊ_पशुवैद्य
सर आत्ता हिरड्या बघा. ओठ वर करा, रंग काय आहे?

संभाजीनगर_नाका
पांढरट आहेत. नेहमी गुलाबी असतात.

शिकाऊ_पशुवैद्य
पुणं नको. हे पाठीचं नाही वाटत. आत कुठंतरी रक्तस्राव असू शकतो, मोठ्या वयाच्या लॅब्रॅडोरमध्ये प्लीहेवर गाठ असते ती फुटते. आत्ताच्या आत्ता कोल्हापुरात जिथं सोनोग्राफी होते तिथं फोन करून निघा, पोट दाबू नका, चालवू नका.

कागलचा_कारवान
रक्त लागलं तर राजा आहे. ३० किलो, डोस पूर्ण, आधी एकदा एका गोचीड तापाच्या कुत्रीला दिलंय, तिच्या प्लेटलेट पार संपलेल्या, नाकातनं रक्त येत होतं, आता मस्त आहे. कागलहून अर्ध्या तासात पोचतो. मेसेज करा.

कळंब्याचा_पम्या
साहेब काय झालं ते कळवा. मी जागा आहे.

संभाजीनगर_नाका
सगळ्यांचे आभार. पोटात रक्त भरलेलं. प्लीहेवर मोठी गाठ होती, यकृतावर पण दिसत होतं. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं, ऑपरेशन करता येईल पण हाती फार काही लागणार नाही. राजाला घेऊन ते भाऊ खरंच आले होते रात्री साडेबाराला, पण मग नकोच म्हटलं. पहाटे तिला जाऊ दिलं. मुलगी मांडीवर डोकं घेऊन बसली होती. रात्रभर गाडीत घालून पुण्याला नेली असती तर वाटेतच गेली असती, ते टळलं.

निवृत्त_मास्तर
फार वाईट वाटले. आपण योग्य तेच केलेत.

उचगावची_पोर
मुलीला माझ्याकडनं मिठी.

शुगरमिल_कॉर्नर
दोन दिवसांनी विचारतो, वेळ बरोबर नसेल तर माफ करा. पुणं-मुंबई सोडून जवळपास काय पर्याय आहेत?

शिकाऊ_पशुवैद्य
रोजचं सगळं, पार्वो, गोचीड ताप, रक्त तपासणी, सोनोग्राफी, साधं फ्रॅक्चर, कोल्हापुरात होतं. हाडं आणि मोठ्या शस्त्रक्रियेला शिरवळ, खर्च कमी, पण सकाळी लवकर पोचा. मणका, मेंदू, हृदय असेल तर पुणं नाहीतर मुंबई. मुंबईत परळचं १८८६ सालचं व्हेटर्नरी कॉलेज आहे, आणि महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं मोठं हॉस्पिटल २०२४ ला सुरू झालंय. कुठंही जायच्या आधी फोन करा, आणि आधी दिलेल्या प्रत्येक औषधाचं नाव, डोस, वेळ कागदावर लिहून न्या. पम्यादादाची काळी शी लक्षात ठेवा.

कळंब्याचा_पम्या
माझ्या नावाला हे चिकटणार आता.

मंगळवार_पेठेतली_मनी
बंड्या अजून दिवाणावर चढतो का हो?

कळंब्याचा_पम्या
चढायला बघतो. एकदा पुढचे पाय टेकवून उभा दिसला आणि बायकोचा जीवच गेला. उतरण करून बघितली, त्यावरनं जात नाही, शेजारनंच उडी मारायला बघतो. शेवटी रविवारी उद्यमनगरातल्या त्याच मित्राला बोलावलं आणि दिवाणाचे पाय कापून टाकले. आता वीतभर उंच आहे. आईचे गुडघे दुखतात, तिला उठताना हात द्यावा लागतो, ती बंड्याला शिव्या घालते आणि चपातीपण घालते. वजन ८ किलो २०० ग्रॅम.

पिंजरा मोकळा आहे. चार बाय अडीच, खालचा ट्रे सरकतो. कुणाला लागला तर कळंब्यातनं घेऊन जा, पैसे नकोत, पण काम झालं की परत आणून द्या, पुढच्याला लागेल.